बंद झडपांचा किल्ला

विनय दामलेला बॉनच्या मराठी मंडळातली माणसं 'किल्लेदार' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो मनातून खूश होई. एरवी या माणसाबद्दल मुद्दाम सांगावं असं काही नव्हतं. एका मोठ्या कंपनीत तो वर्षानुवर्षं डेटाबेस सांभाळत होता, जेवणाच्या सुट्टीत डब्यातली पोळीभाजी गारच खात होता, आणि जर्मन व्याकरणापुढे त्याने केव्हाच हात टेकले होते. पण दिवाळी जवळ आली की हा अबोल गृहस्थ अंगात आल्यासारखा वागू लागे. आठवडाभर सुट्टी टाकायची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि शहराच्या बॉयल भागातल्या तळमजल्याच्या घरामागे, अंगणातल्या फरशीच्या कडेला, मातीचा किल्ला उभा करायचा.

तिथे पुण्यासारखं नव्हतं. दुकानात फुलझाडांची माती पोत्याने मिळे, पण ती काळी आणि भुसभुशीत. तिचा बुरूज संध्याकाळपर्यंत बसायचा. मग विनय कुठे पाया खणत असतील तिथे जाऊन मुकादमाला विनवण्या करी आणि बादल्या भरून पिवळट चिकणमाती आणी. गोणपाट एका कॉफी भाजणाऱ्याकडून मिळे, त्यामुळे त्याच्या किल्ल्याला पहिले दोन दिवस कॉफीचा वास येई. गेरू पुण्याहून येई. वरच्या मजल्यावरच्या फ्राउ क्लाईन दरवर्षी बाल्कनीतून वाकून बघत आणि कौतुकाने म्हणत, "शोएने झांडबुर्ग." म्हणजे, छान वाळूचा किल्ला. समुद्रकाठी पोरं करतात तसा. विनयला ते फार लागे.

"वाळूचा म्हणे," तो घरात येऊन पुटपुटे.

"बाई बिचारी चांगलं म्हणतेय रे," शुभा हसून म्हणे. "तू चिडून तटबंदी पाडू नकोस म्हणजे झालं."

शुभा त्याची बायको. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस नोकरी करायची, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात नवऱ्याची थट्टा. किल्ल्यातलं एक काम मात्र तिच्याकडेच असे. डोंगरउतारावर हिरवळ हवी तर हळीव पेरावं लागतं, आणि ऑक्टोबरच्या त्या थंडीत बाहेर पेरलेलं हळीव काही उगवत नाही. म्हणून ती आधीच ताटांत ओला कापूस पसरून खिडकीशी हळीव रुजत घाली. बोटभर उंच झालं की कापसासकट उचलायचं आणि उतारावर अलगद अंथरायचं. विनयचा किल्ला बघता बघता हिरवा होई आणि मंडळातल्या बायका विचारत, हे एका दिवसात कसं काय? शुभा कुणालाही सांगत नसे.

किल्ल्यांचा क्रम ठरलेला होता. मुलगी झाली, अन्वी, तिच्या पहिल्या दिवाळीला विनयने शिवनेरी केला, कारण महाराजांचा जन्म तिथला. पुढे तोरणा, मग राजगड, मग प्रतापगड. महाराजांचं आयुष्य जसं गेलं तसे किल्ले. अन्वी दहा-अकरा वर्षांची झाली की शेवटी रायगड, राज्याभिषेक, झालं. इथे वाढणाऱ्या पोरीला सगळा इतिहास हाताने चिखल कालवून यायला हवा, असा त्याचा हिशेब होता. पोरीला मराठी सगळं समजे, उत्तरं मात्र ती जर्मनमध्ये देई. बापाचं म्हणणं, किल्ल्याशी बोलायला भाषा लागत नाही.

राईनच्या काठाने आगगाडीतून जाताना टेकडीटेकडीवर पडके बुरूज दिसतात. पाहुणे माना वळवून बघत. विनय तिकडे ढुंकूनही पाहत नसे. "हे कसले किल्ले, जकात नाके आहेत," असं म्हणून तो डबा उघडी. त्याच्या लेखी किल्ला म्हणजे ज्याच्यासाठी कुणीतरी लढलं तो. बाकी सगळी घरं.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात शुभाला आजार निघाला. निघाला तोच पुढे गेलेला. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, केस गेले, नोकरी सुटली. घरात सगळे हळू बोलू लागले आणि त्याचाच तिला राग येई. मे महिन्यात दोन उपचारांच्या मधे जरा बरे दिवस आले, तेव्हा ती म्हणाली, कुठेतरी जाऊ या. अन्वीच्या वर्गातली एक मुलगी हॉलंडात आपेलडोर्नला जाऊन आली होती. तिथे मोठा राजवाडा आहे, तिकीट काढून आत जाता येतं.

"राजवाड्यात चालवणार नाही मला," शुभा म्हणाली. "पण त्याच्याच रानात एक छोटा जुना किल्ला आहे बघ, आउडे लो. राजाच्या घरचे अजून वापरतात. आत सोडत नाहीत, पण बाग वसंतात उघडतात म्हणे. तिथे बसता तरी येईल."

अडीच तास गाडी चालवून ते तिथे पोचले. झाडांमधून वाट गेली आणि समोर पाणी आलं. पाण्याच्या मधोमध विटांचा बुटका किल्ला, टोकदार छपरांचा, खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद. बागेच्या फाटकाशी एक म्हातारे डच गृहस्थ बसले होते, त्यांना जर्मन येत होतं. विनयने त्यांना आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, आतून बघायची काही सोय?

"नाही. हे घर आहे," ते म्हणाले.

"मग आत्ता आत आहे का कुणी?"

"ते आम्ही कधी सांगत नाही," म्हातारा हसून म्हणाला आणि मागच्या माणसांकडे वळला.

विनय तोंड वाकडं करून परत आला. एवढी गाडी हाणायची आणि बंद झडपा बघायच्या. शुभा तोवर पाण्याच्या अलीकडच्या बाकावर बसली होती. डोक्याला निळा रुमाल, मांडीवर शाल, आणि शेजारी अन्वी पाय हलवत. विनयला नंतर कितीदा वाटलं की त्या वेळी आपण नीट बघायला हवं होतं. पण तेव्हा तो पार्किंगची वेळ संपते कधी ते बघत होता.

"वेअर वोन्ट दा?" अन्वीने आईला विचारलं. तिथे कोण राहतं?

"राजा आणि त्याच्या घरची माणसं. अधूनमधून."

"आत्ता आहेत?"

शुभाने जरा वेळ त्या खिडक्यांकडे बघितलं. "असतील, नसतील. आपण आहेत असं धरू."

मग ती विनयला म्हणाली, "किती छान आहे ना हे? घर सगळ्या जगाला दिसतंय, पण आत कुणी यायचं नाही म्हणजे नाही. मला हेवा वाटतो. हॉस्पिटलात कुणीही दार ढकलून आत येतं, पांघरूण सरकवतं, सुई टोचतं आणि जातं. एक दिवस मला असं दार लावून बसायचंय."

विनयने तिची शाल नीट केली.

"या दिवाळीला हाच करू या किल्ला," ती म्हणाली. "न लढलेला. लोक नुसते राहतात असा."

"या वर्षी सिंधुदुर्गाची पाळी आहे," विनय म्हणाला. "आणि हा किल्ला कुठे आहे, बंगला आहे हा. पाणीच हवं ना तुला? सिंधुदुर्गाला चहूबाजूंनी समुद्र आहे."

"एक वर्ष क्रम मोडला तर महाराज रागावतील का?"

"अगं, पण मग रायगड एक वर्ष पुढे जाईल."

तिने त्याच्याकडे बघितलं, आणि मग नेहमीच्या सवयीने म्हणाली, "चालेल." शुभाचं 'चालेल' कधी हो असायचं, कधी 'जाऊ दे तुझ्याशी कोण वाद घालणार' असायचं. या खेपेचं कुठलं होतं ते विनयने विचारलं नाही. त्याला वाटलं होतं, दिवाळी आहे अजून, बघू.

ऑगस्टमध्ये शुभाला पुन्हा भरती करावं लागलं. शेवटचा आठवडा ती फार वाईट अवस्थेत होती. अन्वीने आपल्याला तसं बघू नये, एवढी एकच गोष्ट तिने शुद्धीत असताना दोनदा बजावून सांगितली. त्यामुळे अन्वी बापाबरोबर यायची, पण खोलीबाहेरच्या खुर्चीवर बसायची. विनय बाहेर आला की ती विचारायची, आई आत काय करतेय. तो म्हणायचा, झोपलीये. एका दुपारी तो बाहेर आला आणि त्याला काहीच म्हणता येईना, तेव्हा पोरीने काहीही न विचारता दप्तर पाठीला लावलं आणि उठून उभी राहिली.

विनयची आई, मालिनीबाई, दिवसांना म्हणून पुण्याहून आल्या आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर राहिल्या. सत्तरीतली कडक बाई. इथल्या विजेच्या शेगडीवर पोळ्या बिघडत, तरी तक्रार न करता करायच्या. नातीला रोज वेणी घालायच्या. सुनेवर त्यांचा जीव होता, पण रडणं त्यांनी न्हाणीघरात उरकलं. ज्याला कशाचाच आधार राहत नाही त्याला रीतीचा तरी असावा, अशी त्यांची समजूत होती, आणि त्या आधारावरच त्या घर चालवत होत्या. वर्षभर सण नाही. गोडधोड नाही, तळण नाही, कंदील नाही. मंडळातली सुकन्या फराळाचा डबा घेऊन आली, कारण ज्या घरात दुःख आहे तिथे शेजाऱ्यांनी पोचवायचं असतं. मालिनीबाईंनी डबा घेतला, सुकन्याला जवळ बसवलं आणि डबा तसाच फडताळात ठेवला.

"किल्लेदार, यंदा मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा ठेवली नाही आम्ही," सुकन्या दारात विनयला म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाला घेऊन ठेवायची?" विनयने मान हलवली. त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दिवाळीला चार-पाच दिवस राहिले असताना मालिनीबाई नातीच्या खोलीत केर काढायला गेल्या तर खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्यामागे, तीन ताटं. ओला कापूस, आणि त्यावर हळीव. दाट, हिरवं, खिडकीकडे वाकलेलं. त्यांनी पुण्याहून नातीच्या खिरीसाठी आणलेल्या पिशवीतलंच होतं ते. त्यांनी विनयला हाक मारली. अन्वी शाळेतून आली तेव्हा बाप आणि आजी दोघेही ताटांपुढे उभे होते.

"अनू, या वर्षी किल्ला नाही गं करायचा," विनय म्हणाला. "आई गेली ना. या वर्षी आपल्याकडे दिवाळी नाही."

"इष वाईस," ती म्हणाली. माहितीये मला. आणि मग, बहुधा आजीला कळावं म्हणून, तिने मराठी शब्द एकेक करून शोधले. "आई म्हणाली होती. ती म्हणाली, बाबा आत्ता नाही म्हणतोय. पण मी पटवते त्याला दिवाळीपर्यंत."

"काय पटवते?"

"तो किल्ला. पाण्यातला. झडपावाला."

विनय पलंगाच्या कडेवर बसला. शुभाने त्याला पटवलं नव्हतं. तिला वेळच मिळाला नाही, किंवा मिळाला तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. आणि ती बिचारी बाकावर बसून एवढंसं मागत होती तेव्हा आपण तिला क्रम सांगत होतो. सिंधुदुर्ग, मग सिंहगड, मग रायगड. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पोरीकडे बघवेना. त्याने आईकडे बघितलं. नाही म्हणायचं झालं तर ते तिने म्हणावं, हो म्हणायचं तर तेही तिनेच.

मालिनीबाई ताटांतल्या हळिवावरून हात फिरवत होत्या. "आपल्या घरात कधी कुणी केला नाही असल्या वर्षी," त्या म्हणाल्या. "पण हे उगवलंय. उगवलेलं काय फेकून द्यायचं? फटाका नाही, कंदील नाही, तळण नाही, एवढं मला माहीत आहे. मातीचं मला काही कुणी सांगितलेलं नाही." एवढं बोलून त्या पोळ्या करायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी विनय बादल्या घेऊन गेला. मुकादम त्याला ओळखत होता, त्याने काही न विचारता माती भरून दिली. पण काम सुरू झालं तशी विनयची फजिती होऊ लागली. त्याचे हात सवयीने तट वळवू लागले, बुरूज बाहेर काढू लागले, शत्रूला दिसू नये असा दरवाजा आडोशाला घेऊ लागले. अन्वी शेजारी उकिडवी बसून सांगत होती, नाईन, बाबा, असं नाही. भिंत सरळ. इथे खिडकी. इथेपण खिडकी. इतक्या वर्षांत विनयने खिडकी अशी कधी केलीच नव्हती. त्याला तोफेसाठी फट ठेवता येत होती, झरोका येत होता. ज्या खिडकीशी कुणी खुर्ची ओढून बसेल अशी खिडकी कशी करायची, ते त्याला माहीत नव्हतं. त्याने तीन वेळा केली, तीन वेळा ढासळली. शेवटी अन्वीने काडेपेट्यांची रिकामी खोकी आणून मातीत रुतवली आणि आइस्क्रीमच्या काड्या तासून झडपा चिकटवल्या. सगळ्या बंद. आत पोकळी ठेवून वर पत्र्याचं टोकदार छप्पर नुसतं टेकवलं.

भोवती खड्डा खणून त्यात प्लास्टिक घातलं, पाणी सोडलं. अन्वीने ताटांतलं हळीव कापसासकट उचललं आणि काठाने अंथरलं, आई अंथरायची तसंच, आधी टोकं टेकवून मग मधला भाग सोडत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. विनयला तिथे थांबवेना. तो नळाखाली हात धुवायच्या निमित्ताने आत गेला, आणि हात धुऊन झाल्यावरही नळ बराच वेळ सोडून उभा राहिला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच पोटभर रडला.

बाहेर आला तेव्हा फ्राउ क्लाईन वरून वाकून बघत होत्या. दरवर्षीचं वाक्य त्या म्हणाल्या नाहीत. नुसता हात वर केला, आणि हळूच दार लावून घेतलं.

किल्ल्याच्या सामानाची पेटी फडताळावरून निघाली. सिंहासन, तोफा, मावळे, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, जुनीच, रंग उडालेली. विनयने महाराज हातात घेतले आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवले. इथे ते पाहुणे झाले असते. मग अन्वीने खिशातून लाकडाचा एक तुकडा काढला. तिने आपल्या खोलीत बसून त्याचा बाक केला होता, चार पायांचा. तो तिने पाण्याच्या अलीकडे, गवतात रोवला.

विनयने गवळण उचलली, तिच्या घागरीवरची धूळ पुसली. "हिला बसवू या बाकावर? आई बसली होती ना, तशी?"

"नाईन," अन्वी म्हणाली. तिने त्याच्या हातातून गवळण घेऊन पेटीत परत ठेवली आणि बंद झडपांकडे बोट दाखवलं. "आई आत आहे."

विनयने वाकून एका झडपेकडे बोट नेलं.

"तिथे जायचं नसतं. प्रिवाट आहे," ती समजावून सांगत होती, बाप जरा मंद आहे अशा सुरात. "दिसणार नाही. पण आत आहे. बाकावर आपण."

मालिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि आत वळल्या. थोड्या वेळाने त्या एक छोटी तेवती पणती घेऊन आल्या. विनयने दचकून बघितलं, तशा त्या म्हणाल्या, "दिवाळीची नाही ही. आत माणूस आहे म्हणते ना पोर? मग घरात दिवा नको का?" गुडघ्यावर हात ठेवून त्या कष्टाने वाकल्या आणि छप्पर उचलून पणती त्यांनी आत ठेवली. छपराला जरा फट सोडली. झडपांच्या कडांमधून उजेडाच्या बारीक रेघा बाहेर आल्या.

अन्वीने पेटीतले दोन मावळे निवडले, एक मोठा, एक छोटा. ते बाकावर ठेवायला गेली तर ते राहीनात. मावळे बसलेले मिळतच नाहीत कुठे. सगळे उभे, तलवार उपसून, लढायच्या तयारीत. तिने दोन-तीनदा प्रयत्न केला. आईला खोलीबाहेरून निरोप दिला तेव्हाही जी रडली नव्हती, ती पोरगी आता दोन मावळे बसत नाहीत म्हणून रडायला लागली.

विनयने तिला पोटाशी धरलं. मग चिकणमातीचा एक गोळा घेतला, तो बाकावर थापला, आणि दोन्ही मावळे त्यात पाठीमागे कलते करून रुतवले. बसल्यासारखे नाही, पण टेकल्यासारखे तरी झाले. तलवारी किल्ल्याच्या दिशेला येत होत्या, त्या त्याने बोटाने खाली वळवल्या.

"चालेल?" त्याने विचारलं.

अन्वीने नाक पुसत बाकाकडे बघितलं, मग उजेडाच्या रेघांकडे. "आत्ता आहे ती आत?"

"आहे असं धरू," विनय म्हणाला, आणि तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसला.